सरकारी खरेदी व गांवकऱ्यांचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



आपल्या देवळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिला, याबद्दल मी आपला ऋणी आहें. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी अशीं वडीलधारीं माणसें येथें बसलीं आहेत; तेव्हां तें काम मी त्यांच्यावर सोंपवितों. मला जो विषय देण्यांत आला आहे तो सणाच्या दिवशीं कांहींसा रुक्ष वाटेल. विषय आहे सरकारी खरेदीचा. म्हणजे टेंडर, अंदाजपत्रक, मोजमाप आणि पावती यांचा. परंतु या रुक्ष कागदांच्या मागें गरिबाच्या मुलाचें दुपारचें जेवण, त्याचें पाठ्यपुस्तक, त्याच्या आईच्या डोक्यावरचा हंडा आणि त्याच्या बापाची रोजमजुरी हीं उभीं आहेत. म्हणून थोडा वेळ धीर धरून ऐकून घ्यावें, अशी माझी नम्र विनंति आहे.

सरकार हें कोणत्याहि देशांतील फार मोठें गिऱ्हाईक होय. खडी, सिमेंट, औषधें, पुस्तकें, धान्य, बाकें, नळ, विजेचे खांब, जें जें म्हणून लोकांच्या उपयोगी पडतें तें तें सरकार कोणापासून तरी विकत घेत असतें. या खरेदींत लबाडी झाली तर नुकसान सर्वांचेंच होतें, असें आपण म्हणतों. पण तें सर्वांचें सारखें होत नाहीं. सधन माणसाला सरकारी नळाचें पाणी आलें नाहीं तर तो विहिरीवर पंप बसवितो. सरकारी दवाखान्यांत औषध नसलें तर तो पेठेंतून आणवितो. सरकारी शाळा बिघडली तर मुलाला दुसऱ्या शाळेंत घालतो. गरिबाला यांपैकीं एकहि वाट मोकळी नाहीं. जें सर्वांच्या मालकीचें तेंच त्याचें, आणि तेंहि निकृष्ट निघालें तर त्याच्यापाशीं दुसरें कांहींच उरत नाहीं. शिवाय जो रस्ता त्याच्या दारावरून जाणार त्या रस्त्यावर त्याला मजुरी मिळावी, जी खिचडी त्याच्या मुलाच्या ताटांत पडणार ती त्याच्याच वाडींतल्या बायांनीं शिजवावी, हाहि त्या पैशाचा दुसरा उपयोग आहे. एकाच रुपयांतून वस्तु मिळते आणि रोजगारहि मिळतो. आणि तो रुपया वाटेंत गळला म्हणजे दोन्ही बुडतात.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती केल्यावांचून पुढें बोलण्याचा मला अधिकार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका नळपाणी योजनेच्या ग्रामसमितीचा सभासद होतों. मी शाळामास्तर, लिहितां-वाचतां येणारा, म्हणून माझें नांव यादींत घालण्यांत आलें. नळ जमिनीखालीं तीन फूट खोल घालावयाचे असें अंदाजपत्रकांत लिहिलेलें होतें. एके दिवशीं सायंकाळीं काम पूर्ण झाल्याचा दाखला माझ्यापुढें आला. "मास्तर, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमची तेवढी राहिली आहे," असें सांगण्यांत आलें. मीं चर पाहिला नव्हता, नळ मोजले नव्हते, अंदाजपत्रकहि नीट वाचलें नव्हतें. घरीं पाहुणे आले होते, मला घाई होती. मीं सही केली.

दुसऱ्याच उन्हाळ्यांत ट्रॅक्टरच्या चाकाखालीं ते नळ फुटूं लागले. उकरून पाहतां कोठें हातभर, तर कोठें केवळ वीतभर मातीखालीं ते घातलेले दिसले. ज्या वस्तीसाठीं योजना मुख्यतः मंजूर झाली होती ती वस्ती टोकाला होती. तेथें पाणी पोंचलेंच नाहीं. त्या वस्तींतील एक वृद्ध बाई रोज सकाळीं रिकामा हंडा घेऊन माझ्या दारावरून विहिरीकडे जात असे. ती मला कधीं कांहीं बोलली नाहीं. तिला त्या सहीची वार्ताहि नसावी. कंत्राटदाराला चार शिव्या देऊन मी मोकळा होऊं शकलों असतों, आणि प्रथम मीं तसेंच केलें. पण दाखल्यावर सही माझी होती. मीं एक पैहि खाल्ली नव्हती. तरी त्या बाईच्या हंड्यांतलें पाणी माझ्या हातून सांडलें होतें.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मी हा विषय शिकूं लागलों. लोकांचा सहभाग, लोकांचा सहभाग, असें आपण नेहमीं ऐकतों. समितींत नांव असणें म्हणजे सहभाग नव्हे, हें मला माझ्या चुकीनें शिकविलें. मग खरा सहभाग कोणता? या प्रश्नाचें उत्तर देशोदेशींच्या गरीब लोकांनीं दिलेलें आहे. त्यांतील कांहीं उदाहरणें आपल्यापुढें ठेवितों.

पहिलें उदाहरण फिलिपीन्स देशांतील. लुझॉन बेटाच्या उत्तरेस आब्रा नांवाचा एक डोंगराळ आणि दरिद्री प्रांत आहे. १९८६ सालीं मार्कोस यांची राजवट संपली, त्या वेळच्या निवडणुकींत मतपेट्यांवर पहारा ठेवणाऱ्या कांहीं नागरिकांनीं तेथें एक संघ काढला. सुशासनाची काळजी वाहणारे आब्राचे नागरिक, अशा अर्थाचें त्याचें नांव. मतपेटीवर पहारा केला, आतां सरकारी कामावर पहारा करूं, असा त्यांचा विचार होता. १९८७ सालीं सरकारनें जाहीर केलें कीं, आब्रांत अमुक इतकीं बांधकामें पूर्ण झालीं. हे लोक ती यादी घेऊन गांवोगांव गेले. कोठें पूल अर्धवट होता, कोठें कामाला हातहि लागलेला नव्हता. त्यांनीं आरडाओरडा केला नाहीं. त्यांनीं छायाचित्रें घेतलीं, गांवकऱ्यांचे प्रतिज्ञालेख लिहून घेतले, आणि तें सर्व वरिष्ठ सरकारपुढें ठेविलें. चौकशी झाली, बांधकाम खात्यांतील अकरा जणांवर दोष सिद्ध होऊन त्यांना निलंबित करण्यांत आलें. पुढें या संघानें शिक्षक, गृहिणी आणि विद्यार्थी यांना रस्त्याची रुंदी व जाडी कशी मोजावी, सिमेंटचें प्रमाण कसें ओळखावें, हें शिकविलें. २००० सालीं ट्रान्स्पेरन्सी इंटरनॅशनल या संस्थेनें त्यांचा गौरव केला.

त्याच देशांत शाळेच्या पुस्तकांचें एक प्रकरण झालें. सरकार पुस्तकें विकत घेई, पैसे चुकते होत, पण पुस्तकें कित्येक शाळांत पोंचतच नसत. मनिला येथें जेसुइट फादरांचें आतेनेओ नांवाचें विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठांतील एका गटानें २००३ सालीं शिक्षणखात्याशींच करार करून एक योजना आंखली. पुस्तकांच्या गाड्या कोणत्या दिवशीं कोणत्या ठिकाणीं येणार हें आधीं जाहीर व्हावें, आणि त्या दिवशीं बालवीर व वीरबालांनीं उभें राहून पुस्तकें मोजून घ्यावींत. मुलांच्याच पुस्तकांची मोजणी मुलांच्याच हातीं दिली! त्याच सुमारास त्या देशानें खरेदीचा नवा कायदा केला आणि टेंडर उघडण्याच्या वेळीं बाहेरचे निरीक्षक बोलावावे असें ठरविलें. १९९९ सालीं एका पुस्तकाला ८० ते १२० पेसो पडत असत. २००६ च्या सुमारास तीच किंमत ३० ते ४५ पेसोंवर आली. हें सारें केवळ मुलांच्या मोजणीनें झालें असें मी म्हणत नाहीं. खुल्या स्पर्धेचा त्यांत मोठा वांटा आहे. परंतु टेंडर कितीहि सचोटीचें असलें, तरी गाडींतून उतरणारीं पुस्तकें कोणी मोजलीं नाहींत तर ती सचोटी कागदावरच राहते.

आतां आपल्या देशाकडे येऊं. राजस्थानांत १९९० सालीं मजदूर किसान शक्ति संघटन स्थापन झालें. मजुरांना किमान मजुरीहि पुरती मिळेना, तेव्हां मजुरांनीं हजेरीपत्रक पाहावयास मागितलें. तें गुप्त आहे, असें उत्तर आलें. २ डिसेंबर १९९४ रोजीं कोटकिराना या गांवीं त्यांनीं पहिली जनसुनावणी भरविली. रीत अगदीं साधी. मिळविलेलीं बिलें व हजेरीपत्रकें गांवासमोर मोठ्यानें वाचावयाचीं, आणि ज्याचें नांव आलें त्यानें उठून सांगावयाचें कीं हें खरें कीं खोटें. जो कधीं कामावर गेलाच नाहीं त्याच्या नांवें मजुरी, जो दगड कधीं आलाच नाहीं त्याची किंमत, हें सर्व त्या वाचनांत बाहेर पडलें. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही त्यांची घोषणा. १९९६ सालीं ब्यावर येथें त्यांनीं चाळीस दिवस धरणें धरलें, आणि त्या व अशा अनेक प्रयत्नांचें फळ म्हणून २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा सर्व देशाला मिळाला. त्याच वर्षीं रोजगार हमीचा केंद्रीय कायदा झाला. त्याचें मूळ आपल्या महाराष्ट्रांत आहे, हें आपण अभिमानानें लक्षांत ठेवावें. १९७२ च्या दुष्काळांत येथें ती योजना वाढली आणि १९७७ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. केंद्रीय कायद्यानें त्या कामांवर कंत्राटदार नेमण्यास बंदी केली, आणि हिशेब ग्रामसभेपुढें तपासला जावा असें ठरविलें.

हीं उदाहरणें ऐकून कोणास वाटेल कीं, लोकांना सभेस बोलाविलें कीं काम झालें. मलाहि तसेंच वाटत असे. परंतु इंडोनेशियांत जावा बेटावर झालेल्या एका प्रयोगानें माझे डोळे उघडले. २००३ व २००४ सालीं तेथें सहाशेंहून अधिक गांवांत सरकारी पैशानें रस्ते होत होते. बेंजामिन ओल्केन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें ते रस्ते झाल्यावर खणून पाहिले आणि हिशेबांत लिहिलेला माल जमिनींत खरोखर किती आहे हें मोजविलें. कांहीं गांवांना आधींच कळविलें होतें कीं, सरकारी तपासनीस येणार, हें निश्चित. तेथें गहाळ खर्चाचें प्रमाण शेंकडा आठांनीं कमी झालें. इतर कांहीं गांवांत शेंकडों लोकांना हिशेबाच्या सभेचीं निमंत्रणें वाटलीं. लोक आले, बोललेहि. पण एकंदर चोरी फारशी कमी झाली नाहीं. मजुरींतील लबाडी थोडी थांबली. माल मात्र पूर्वींसारखाच गहाळ होत राहिला.

याचें कारण काय असावें? मला जें वाटतें तें सांगतों. मजुरी आपल्या हातांत पडते. ती कमी आली तर माणूस त्याच क्षणीं बोलतो. खडी आणि वाळू सर्वांची असते. ती कमी पडली तर कोणाचाच हात रिकामा राहत नाहीं, म्हणून कोणीच बोलत नाहीं. शिवाय आपली मजुरी मोजावयास विद्या लागत नाहीं. रस्त्याखालची खडी मोजावयास ती लागते. माझ्या नळांचेंहि तसेंच झालें. माझ्या घरचा नळ आटला असता तर मीं दाखला दहा वेळां वाचला असता! आब्राच्या लोकांनीं मोजमाप शिकून घेतलें आणि त्यांची तक्रार ऐकून घेणारा अधिकारी वर होता, म्हणून त्यांना यश आलें. सरकारी तपासणी आणि गांवाची नजर हीं दोन्ही एका गाडीचीं चाकें आहेत. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. तपासनीस एक दिवस येतो. गांव रोज तेथेंच असतें. पण गांवाला जें दिसतें तें कोणत्या कागदाशीं ताडून पाहावें, हें कळलें पाहिजे.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळतों. गरिबानें केवळ पहारा करावा काय? त्याच्याकडून खरेदीहि व्हावी. अंगणवाडींतील मुलांच्या आहाराविषयीं ऑक्टोबर २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा दिली कीं, या पुरवठ्यांत कंत्राटदार नसावेत; धान्य घेण्याचें व अन्न शिजविण्याचें काम शक्यतों गांवचे समाज, बचतगट आणि महिलामंडळें यांच्याकडून करून घ्यावें. आज्ञा स्पष्ट होती. तरीहि पुढें आपल्याच राज्यांत घरीं नेण्याच्या आहाराचीं टेंडरें अशा अटींवर निघालीं कीं, लहान बचतगटाला दारांतूनच परत फिरावें लागावें. कांहीं बचतगट न्यायालयांत गेले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तीं टेंडरें रद्द केलीं. यांतून घेण्यासारखा धडा असा कीं, अन्याय नेहमीं पैसे खाण्यानेंच होतो असें नाहीं. तो अट लिहितांनाहि होऊं शकतो. एवढी उलाढाल पाहिजे, एवढी अनामत पाहिजे, अशी एक ओळ लिहिली कीं गरीब आपोआप बाहेर राहतो, आणि कोणाच्या हाताला डागहि लागत नाहीं. म्हणून टेंडर निघण्यापूर्वींच, अटी ठरतांनाच, लोकांनीं बोललें पाहिजे.

कोणी म्हणतील, या व्यवहाराचा देवळाशीं काय संबंध? प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाचा सहावा अध्याय आपण सर्वांनीं ऐकला आहे. पहिल्याच मंडळींत रोजच्या वांटपाविषयीं कुरकुर झाली; परभाषी विधवांकडे दुर्लक्ष होत होतें. प्रेषितांनीं ती कुरकुर दाबून टाकली नाहीं, किंवा सर्व कारभार स्वतःच्या मुठींतहि घेतला नाहीं. त्यांनीं समुदायालाच सात माणसें निवडावयास सांगितलें. वांटपाचा हिशेब हा त्या वेळीं कमी दर्जाचा विषय मानला गेला नाहीं. आज तरी तो कां मानावा?

एक शंका मात्र मी मोकळेपणानें मान्य करतों. गांवांत सर्व एकमेकांचे सोयरे. कंत्राटदार कोणाचा मेव्हणा, सरपंच कोणाचा चुलता. विचारणारा वाईट ठरतो, आणि पुढच्या लग्नांत त्याला पंगतीला बोलावणें येत नाहीं. शिवाय समितीच पुढें दुसरा कंत्राटदार बनते, असेंहि घडलें आहे. यावर माझ्याजवळ एकच उपाय आहे. एकट्यानें विचारूं नये आणि माणसाला विचारूं नये. दहा जणांनीं मिळून कागदाला विचारावें. चर तीन फुटांचा आहे कीं नाहीं, हें पाहावयास मोजपट्टी लागते, वैर लागत नाहीं. जें सर्व कामांत एकसारखें विचारलें जातें तें कोणास टोंचत नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं माझ्या चार सूचना आहेत. पहिली: आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक वाडींतून दोन माणसें, त्यांत एक स्त्री, यांनीं अंदाजपत्रक वाचावयास व मोजमाप घ्यावयास शिकावें, आपल्यांत निवृत्त ओव्हरसियर आहेत, ते शिकवितील. दुसरी: गांवांत कोणतेंहि सरकारी काम निघालें कीं त्याचा खर्च, लांबी, रुंदी, मुदत आणि करणाराचें नांव यांचा फलक प्रथम लागावा, न लागल्यास ग्रामसभेंत मागावा, आणि तेथेंहि न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. तिसरी: शाळेंत वा अंगणवाडींत माल उतरेल तेव्हां दोन आयांनीं तो मोजून पावतीवर लिहावें, आणि न पाहिलेल्या कामावर आपल्यापैकीं कोणींहि सही करूं नये, मग घरीं पाहुणे असोत वा नसोत. चौथी सूचना मी जरा भीत भीत करतों. या महोत्सवासाठीं आपण वर्गणी जमविली आहे, आणि देवळाच्या सभागृहाचें काम चालूं आहे. त्याचा जमाखर्च, विटांच्या संख्येसह, देवळाच्या दारावर लावावा. जें आपण सरपंचाकडे मागणार तें आपण आधीं आपल्या घरीं करून दाखविलें पाहिजे.

ती वृद्ध बाई आतां हयात नाहीं. त्या वस्तीला पुढें दुसरी योजना आली. त्या वेळीं चर खणतांना वस्तींतल्याच बाया हातांत दोरी घेऊन उभ्या होत्या. त्या दोरीला तीन फुटांवर गांठ मारलेली होती. त्यांतील एकीलाहि अंदाजपत्रक वाचतां येत नव्हतें. तें मीं एकदां वाचून दाखविलें होतें, एवढीच माझी सेवा. नळ अजून चालूं आहेत.